पान दुसरं होतं

बाई वर्गात शिरल्या की पहिल्यांदा खुर्ची उचलायच्या. फळ्याजवळची ती जड लाकडी खुर्ची दोन्ही हातांनी पोटाशी धरून, रांगांच्या मधून वाट काढत त्या थेट मागच्या भिंतीपाशी जायच्या आणि तिथं ती टेकवायच्या. मग चाळीस पोरं जागच्या जागी वळायची आणि फळ्याकडं पाठ करून बसायची. शाळेत पहिल्यांदा आलेला माणूस दारातच थबकायचा. त्याला वाटायचं, अख्ख्या वर्गाला शिक्षा झालीय. बाई तिथूनच हात हलवून म्हणायच्या, "आमची शाळा मागनं सुरू होते. या की, बसा."

पोरं त्यांना 'मागच्या बाई' म्हणायची. पोरांचं ऐकून आम्ही शिक्षकही तेच म्हणायला लागलो. रजेच्या अर्जाशिवाय त्यांचं खरं नाव कुठं लिहिलेलं मी पाहिलं नाही, आणि आता इथं लिहिलं तर ते त्यांना परक्यासारखं वाटेल.

शाळा एका संस्थेची, सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या गल्लीत. चार वर्ग, एक पाण्याची टाकी आणि दोन्ही अंगांना यंत्रमागांची खटखट. त्या खटखटीवर आवाज चढवून शिकवावं लागायचं. वीज गेली की माग एकदम बंद पडायचे आणि चढलेला आवाज गल्लीभर ऐकू जायचा. पोरांच्या घरी तेलुगू, बाईंच्या घरी कन्नड आणि पुस्तक मराठी. मी अकलूजकडचा. शाळा-कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली मिळवलेला, ळ आणि ण यांचे उच्चार घासूनपुसून ठेवलेला. शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो तेव्हा माझी प्रामाणिक समजूत होती की या गल्लीला शुद्ध मराठी पहिल्यांदा ऐकायला मिळणार ती माझ्या तोंडून. हे लिहितानाही कानशिलं तापतात. पण पुढं जे लिहायचं आहे त्याच्या मानानं हे काहीच नाही.

बाई वळसंगहून रोज एसटीनं यायच्या. जाडजूड अंग, कपाळावर विभूतीची बोटं, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत डबा आणि रिकाम्या कांड्या. मागावर आडवा धागा ज्या नळीवरून सुटतो ती कांडी. घरोघरच्या आया त्या भरून द्यायच्या, त्यामुळं प्रत्येक पोराच्या हाताला ती ओळखीची. दहा कांड्या दोऱ्यानं बांधल्या की एक दशक. वजाबाकीत कमी पडलं की गठ्ठ्याचा दोरा सोडायचा. बाई फळ्यावर हातचा कधी लिहायच्याच नाहीत, आधी पोरांकडून दोरा सोडवून घ्यायच्या. मी एकदा म्हणालो, "बाई, वेळ किती जातो यात." त्या म्हणाल्या, "आता जातो. न्हाईतर जन्मभर जातो."

त्यांचा हट्ट पाच गोष्टींचा होता. वाचता आलं पाहिजे, लिहिता आलं पाहिजे, हातच्याची बेरीज-वजाबाकी आली पाहिजे, घड्याळ कळलं पाहिजे, आणि आपण राहतो कुठं, पाणी येतं कुठनं, आजार होतो कशानं हे सांगता आलं पाहिजे. "एवढं सगळ्यांना. सगळ्यांना म्हंजे सगळ्यांना. ह्याच्या वरचं ज्याच्या त्याच्या डोक्यानं आणि नशिबानं." हे वाक्य त्या इतक्यांदा बोलायच्या की शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्यांच्यामागं त्यांची नक्कल करायचो. मी ती सगळ्यांत छान करायचो.

एकदा मासिक बैठकीत मी मोठं भाषण ठोकलं. म्हणालो, सगळी मुलं सारखी नसतात, निसर्गानंच तसं केलंय. निम्मी मुलं उद्या मागावर जाणार. त्यांना भागाकार येवो न येवो, काय फरक पडतो? त्यापेक्षा चार हुशार मुलं निवडून स्कॉलरशिपला बसवू, शाळेचं नाव तरी होईल. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. बाई शेंगदाण्याची फोलपटं झाडत म्हणाल्या, "मागावर बसणाऱ्यालाच भागाकार लागतो की, सर. साहेब होणाऱ्याच्या हाताखाली कारकून असतो." सगळे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य मला बरेच दिवस टोचत राहिलं.

त्यांना ही अक्कल कुठून आली, ते त्यांनीच मला एकदा डबा खाताना सांगितलं. लहानपणी त्या अक्कलकोटच्याही पलीकडच्या आजोळी राहत. घरी सगळं कन्नड. वडिलांनी मराठी शाळेत घातलं. "गुरुजी विचारायचे, कळलं का? मी म्हणायची, हौदु, हौदु. म्हंजे होय होय. काय कळलं ते मला ठाऊक न्हाई, गुरुजीलाबी न्हाई. दोन वर्षं मी नुसती होय म्हणत बसले, सर. मागच्या भिंतीला टेकून. गुरुजी लई चांगला माणूस, कधी मारलं न्हाई. पण तिथवर आलाबी न्हाई कधी." कडक भाकरीचा तुकडा चटणीत बुडवत त्या पुढं म्हणाल्या, "पोराचं होय मला चेहऱ्यावर कळतं. खोटं होय म्हणताना पोरगं पुस्तकाकडं बघत न्हाई, आपल्याकडं बघतं."

त्यांची एक वही होती. खाकी पुठ्ठ्याची, मागाच्या पांढऱ्या सुतानं बांधलेली. तिला त्या कच्ची वही म्हणायच्या. ज्या पोराचं जे कच्चं असेल ते त्यात त्याच्या नावापुढं लिहिलेलं असे. ते पक्कं झालं की नाव खोडायचं, पण बाईंनी नाही. पोरानं स्वतः यायचं, वहीत आपलं नाव शोधायचं आणि लाल पेन्सिलीनं स्वतः आडवी रेघ मारायची. नाव खोडलेलं पोरगं त्या दिवशी वर्गभर अंबारीत बसल्यासारखं हिंडायचं.

आणि वर्षाच्या शेवटी व्हायची पाठवणी. हा शब्दही त्यांचाच. पहिली-दुसरी त्यांच्याकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी त्या दुसरीतल्या एकेका पोराचा हात धरून माझ्या वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत आणायच्या आणि तो हात माझ्या हातात द्यायच्या. "हा श्रीनिवास. वाचतो झकास, पण घड्याळात तास आणि मिनिटाची गल्लत करतो." "ही रेणुका. हिला ऐकायला कमी येतं, पुढं बसवा. बाकी सगळं पक्कं." जितकी पोरं, तितकी वाक्यं. मला त्याचं हसू यायचं. सासरी पोरगी द्यावी तसं काय चाललंय, असं मी बाहेर बोलूनही दाखवायचो.

माझ्या तिसऱ्या वर्षीच्या पाठवणीत त्यांनी ज्या मुलीचा हात सगळ्यांत शेवटी दिला, तिचं नाव नागमणी. किडकिडीत, तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, टपोरे डोळे. बाई म्हणाल्या, "सर, ही नागमणी. हिला वाचता येत न्हाई. सगळं पुस्तक पाठ येतं. एकदा ऐकलं की बसलं डोक्यात. मला वर्षभर फसवलं पोरीनं, दिवाळीनंतर कळलं. तवापासून धरलंय, अर्धी अक्षरं झालीत. तुम्ही फसू नका." मी म्हणालो, "बाई, निर्धास्त राहा." नागमणी माझ्याकडं बघत होती.

फसणं म्हणजे कळलं नाही असं असतं. मला तर सगळं सांगितलेलं होतं. म्हणून मी फसलो असं मला म्हणता येत नाही. झालं ते असं, की पहिल्याच आठवड्यात त्या पोरीनं कविता म्हटली आणि मी गारद झालो. घरी तेलुगू बोलणारी मुलगी, आणि ण आणि ळ असे स्वच्छ, की मीच शिकवलेत असं वाटावं. मी तिला भाषणं लिहून द्यायचो. दोनदा वाचून दाखवली की तिला पाठ. शहराच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला दुसरा क्रमांक मिळाला. मुख्याध्यापकांच्या खोलीत फोटो लागला. त्यात ती हातात ढाल घेऊन उभी आहे आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिच्यापेक्षा जास्त हसतो आहे.

बाई दर महिन्याला विचारायच्या. "नागमणीचं वाचन कुठवर आलं?" मी म्हणायचो, "चाललंय की." खरं म्हणजे काही चाललेलं नव्हतं. तिला अक्षरापाशी बसवलं की ती कोमेजायची आणि भाषणाला उभी केली की फुलायची. मला फुललेली नागमणी आवडायची. कोणाला आवडणार नाही? पण शिक्षकाला पगार कोमेजलेल्या पोरापाशी बसण्याचा मिळतो, हे मला त्या वयात कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. तसं बाई सांगतच होत्या.

ती चौथीत असताना वाचन तपासणी लागली. साहेब येणार, प्रत्येक वर्गातली पाच मुलं उठवणार, समोर पुस्तक धरणार, मुलानं वाचायचं. त्यावर शाळेची श्रेणी. आठ दिवस आमची नुसती पळापळ. मी माझ्या वर्गातली पाच मुलं आधीच ठरवून ठेवली आणि त्यात नागमणीला घेतलं. इतका आवाज, इतका धीटपणा वाया का घालवायचा? तिच्याकडून विहिरीचा धडा घोटून घेतला. 'आमच्या गावात एक जुनी विहीर आहे. विहिरीवर मोठा रहाट आहे.' कुठं थांबायचं, कुठं पान उलटायचं, बोट ओळीवरून कसं फिरवायचं, सगळं शिकवलं. हो, बोट फिरवायलाही शिकवलं. एवढ्या वेळात तिला दहा अक्षरं आली असती.

तपासणीच्या दिवशी बरोबर माझ्या वर्गात साहेब आले आणि वीज गेली. माग थांबले. गल्लीत इतकी शांतता की टाकीच्या नळाचं ठिबकणं ऐकू यावं. साहेबांनी नागमणीच्या हातात पुस्तक दिलं. "कुठलंही पान काढ बाळ, आणि वाच." तिनं पान काढलं, माझ्याकडं पाहिलं आणि सुरू केलं. 'आमच्या गावात एक जुनी विहीर आहे.' तो आवाज अजून माझ्या कानात आहे. समोरच्या घराच्या खिडकीत तिची आई हातातलं काम टाकून उभी राहिली. तिला त्यातलं निम्मं मराठी कळत नसणार, पण तिनं पदर डोळ्याला लावला. मी मान डोलावत होतो, हसत होतो, हातानं ताल देत होतो. धडा संपल्यावर साहेबांनी स्वतः टाळी वाजवली आणि म्हणाले, "असं वाचन मी यावर्षी कुठं ऐकलं नाही." शाळेला अ श्रेणी मिळाली.

बाई दारात उभ्या होत्या. साहेबांना चहाला न्यायला आल्या होत्या. सगळे बाहेर पडल्यावर त्यांनी नागमणीच्या हातातून ते उघडं पुस्तक घेतलं, माझ्यापुढं धरलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पान दुसरं होतं, सर."

मी पाहिलं. डाव्या पानावर एका म्हाताऱ्याचं चित्र होतं. डोक्यावर छत्री. धड्याचं नाव 'आजोबांची छत्री'. विहिरीचा धडा त्याच्या पुढं तीन पानं होता. साहेबांनी पाहिलं नाही, मुख्याध्यापकांनी पाहिलं नाही, मी तर पाहिलंच नाही. पुस्तक सगळ्यांच्या समोर उघडं होतं.

त्याच दुपारी बाई माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "रोज शेवटचा तास तिला माझ्या वर्गात पाठवा. दुसरीच्या पोरांत बसू द्या. दिवाळीपर्यंत वाचायला लागेल, माझी जबाबदारी." मला ती गोष्ट भयंकर वाटली. चौथीतली, ढाल मिळवलेली, साहेबांनी टाळी वाजवलेली मुलगी दुसरीत जाऊन बसणार? मी म्हणालो, "बाई, पोरीचा अपमान होईल. तिला लाज वाटेल." बाई म्हणाल्या, "लाज कुणाला वाटंल, सर? तिला की तुम्हाला?"

मी चिडलो. मोठ्यानं बोललो. माझ्या वर्गाचं मी बघून घेईन, असं म्हणालो. वीज आलेली होती, त्यामुळं माझा आवाज वर्गाबाहेर गेला नाही, एवढंच नशीब. बाईंनी कच्ची वही उघडून नागमणीच्या नावाखाली काहीतरी लिहिलं आणि सूत बांधून वही पिशवीत ठेवली.

मी बघून घेणार होतो. खरंच घेणार होतो. सहामाही झाली की घेऊ. मग गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी आली, मग मतदारयाद्यांचं काम, मग स्कॉलरशिपचे जादा तास. एप्रिल आला. मी नागमणीच्या प्रगतिपुस्तकात भाषेपुढं अ लिहिला. ती पाचवीला मोठ्या शाळेत गेली. तिकडं तिचा हात कुणाच्या हातात द्यायचा मला सुचलंही नाही. दोन वर्षांनी कळलं की तिनं शाळा सोडली, घरी कांड्या भरते. शिक्षकांच्या खोलीत मी हळहळलो. म्हणालो, "काय करणार, घरच्यांनाच शिक्षणाचं महत्त्व नाही." बाई तिथंच होत्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि उठून वर्गात गेल्या.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी हार-नारळ, भाषणं, सगळं रीतसर झालं. आभाराचं भाषण अर्थात मीच केलं, आणि ते फार गाजलं. निघताना त्यांनी कच्ची वही माझ्या हातात दिली. "सर, सगळी पोरं खोडलीत. एकच राहिलंय. ते तुमच्याकडं." मी वही कपाटात ठेवली. सूत सोडलं नाही. नाव कोणतं ते मला वही न उघडताही ठाऊक होतं.

दर शिक्षकदिनाला मी त्यांना वळसंगला फोन करायचो. त्या कांद्याचं, पावसाचं, गुडघ्याचं सांगायच्या आणि शेवटी विचारायच्या, "त्या नागमणीचं काय झालं, सर? लग्न झालं म्हणे. बघा की जरा. मोठेपणीबी येतं शिकता." चार-पाच वर्षं मी 'बघतो' म्हणत काढली. मग एका वर्षी, कशानं ते मला आजही सांगता येत नाही, कदाचित त्यांचा आवाज फार थकलेला वाटला म्हणून, किंवा मलाच तो प्रश्न नको झाला म्हणून, मी बोलून गेलो, "बाई, आली होती ती. शिकवलं मी तिला. वाचते आता."

मग बाईंनी विचारलं, "नाव कुणी खोडलं?"

"तिनंच," मी म्हणालो. "तुमच्या लाल पेन्सिलीनं."

"लई बरं झालं बघा," बाई म्हणाल्या. त्या रडत होत्या.

दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. मी तिसऱ्या दिवशी वळसंगला गेलो. त्यांच्या भावानं मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर मात्र हात धरून आत नेलं आणि जमलेल्या माणसांना सांगायला लागला, "हेच ते सर. अक्का सारखं ह्यांचंच नाव घ्यायची. म्हणायची, माझी एक पोरगी राहिली होती, ती सरांनी पुरी केली." लोकांनी मला बसायला सतरंजी दिली. कुणी पाणी आणलं. एका म्हातारीनं मला हात जोडले. मी तो तांब्या हातात धरून बसून राहिलो. तिथं उठून खरं सांगायला हवं होतं. मी पाणी प्यायलो आणि पाचच्या एसटीनं परत आलो.

आता मी त्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे. यंदा जूनमध्ये, शाळा उघडली त्या दिवशी, एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आत आली आणि सरळ माझ्या पायाला हात लावला. "वळखलं का, सर? मी नागमणी." तेच टपोरे डोळे. भिंतीवरच्या फोटोकडं बोट करून ती मुलीला म्हणाली, "श्रावणी, बघ, ती मी. आणि हे माझे सर. मला वाचायला ह्यांनीच शिकवलं."

वर्गशिक्षिका समोर होत्या. त्या कौतुकानं माझ्याकडं बघत होत्या. मी प्रवेशाचा अर्ज पुढं केला. नागमणीनं तो घेतला, जरा वेळ पाहिला आणि हसून म्हणाली, "सर, तुमीच लिवा की. चष्मा घरी राहिला." सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची पोरगी. मी अर्ज भरला. तिनं सही मात्र झोकात केली.

श्रावणीला पहिलीचं नवं पुस्तक मिळालं. मी खोलीत कागद चाळत होतो आणि त्या दोघी दाराबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मुलीनं पुस्तक उघडून आईच्या मांडीवर ठेवलं. "अम्मा, चदुवु." म्हणजे वाच. नागमणीनं पुस्तक हातात धरलं, ओळीवर बोट ठेवलं आणि तोच आवाज, तेच थांबे. "आमच्या गावात एक जुनी विहीर आहे. विहिरीवर मोठा रहाट आहे." जिथं मी पान उलटायला शिकवलं होतं तिथं तिनं पान उलटलं.

पोरगी चित्राकडं बघत होती. मग आईकडं. मग परत चित्राकडं. "अम्मा," ती म्हणाली, "इथं तर पतंग हाय."

जे साहेबांना दिसलं नाही, मला दिसलं नाही, ते त्या पोरीला पहिल्या दिवशी दिसलं. नागमणीचं बोट जिथल्या तिथं थांबलं. तिनं पुस्तक मिटलं. वर पाहिलं तर मी दारात उभा होतो.

श्रावणीला मी वर्गात पाठवून दिलं. मग त्या बाकावर नागमणीशेजारी बसलो. आयुष्यभर भाषणं केलेला माणूस मी, तोंडातून एवढंच निघालं, "नागमणी, त्या दिवशी साहेबांसमोर... पान दुसरं होतं."

"म्हाईत हाय की, सर," ती म्हणाली. "तवाच म्हाईत होतं."

"तेव्हाच?"

"चित्र दिसतं की. छत्री होती. मी तुमच्याकडं बघितलं, आता सर थांबवतील म्हणून. तुमी हसत होता, मान हलवत होता. मग मी कशाला थांबू? मला वाटलं, वाचणं म्हंजे हेच असतंय."

माग जोरात चालू होते. ती पुढं काही बोलली असेल तर ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मागच्या बाई हायत का हो? त्यांना सांगू नका. त्यांना लई वाईट वाटंल."

मी सांगितलं, बाई गेल्या. आणि मी त्यांना काय सांगितलं होतं, तेही सांगितलं. फोनवरचं सगळं, लाल पेन्सिलीसकट. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती उठून जाईल. मी तिच्या जागी असतो तर गेलो असतो. ती म्हणाली, "मग आता खरं करावं लागंल की, सर."

शनिवारी शाळा सकाळची असते. शाळा सुटली की ती येते. मी खुर्ची उचलून मागच्या भिंतीपाशी नेतो, ती फळ्याकडं पाठ करून बसते. पहिल्या दिवशी तिला फार लाज वाटली, बाकावर बसताना ती पदर सारखा करत राहिली. मला वाटली ती वेगळी. जुनं चौथीचं पुस्तक मी रद्दीवाल्याकडून शोधून आणलं. कपाटातली वही काढली, इतक्या वर्षांनी सूत सोडलं. शेवटच्या पानावर एकच नाव उभं होतं, नागमणी, आणि त्याखाली तपासणीच्या दिवशी बाईंनी लिहिलेली ओळ होती. 'पोरगी हुशार आहे. सरांना थोडा वेळ द्यावा.'

मला. वेळ मला द्यायचा होता.

परवाच्या शनिवारी तिनं स्वतःच छत्रीचं पान काढलं. एकेका अक्षरावर बोट ठेवत, ओठ हलवत, घामाघूम होत तिनं पहिली ओळ वाचली. 'आजोबांची छत्री काळी होती.' आवाज अगदी बारीक, भाषणातला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाईघाईनं वही पुढं ओढली, लाल पेन्सिल तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "खोड. खोडून टाक नाव."

तिनं वहीत आपलं नाव शोधलं, बोटानं चाचपलं. मग पेन्सिल माझ्यापुढं बाकावर ठेवली.

"एक ओळ झाली, सर," ती म्हणाली. "पान न्हाय झालं अजून."

मी पेन्सिल उचलून खिशात ठेवली. तिनं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं होतं.